आतली लेन

आमच्या भिलईच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी कुंदा डोंगरवारवर दोन पानं लिहून दिली होती. खेळाडू म्हणून तिची कामगिरी, स्वभावातला साधेपणा, खुर्सीपार वस्तीतल्या दोन खोल्यांतून राष्ट्रीय पदकापर्यंतची वाटचाल वगैरे वगैरे. सेक्रेटरींना फार आवडली. ‘दाणीसाहेब, डोळ्यांत पाणी आलं,’ म्हणाले. सत्कार म्हटला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतंच, ते सोडा. त्या दोन पानांत एकही वाक्य खोटं नव्हतं. पण कुंदाबद्दल जे सांगायला हवं होतं ते त्यात एका ओळीनंही नव्हतं, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगताही येणार नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

कुंदा माणसाला मागून हाक मारत नसे. आपण पुढे चाललोय, ती मागून येतेय, तिला आपल्याशी बोलायचंय. तर ती लांब वळसा घालून, पावलं उचलून पुढे यायची, समोर उभी राहायची आणि मग म्हणायची, ‘काका, थांबता का?’ पॉवर हाऊसच्या बाजारात एकदा माझी पिशवी फाटून वाटेवर बटाटे सांडत होते. ती मागून ते वेचत आली, पुढे येऊन उभी राहिली आणि ओंजळ पुढे केली. तोवर निम्मे बटाटे गाईच्या पोटात गेले होते. मी म्हटलं, ‘अगं, ओरडायचं की!’ ती नुसती हसली. आमच्या ऑफिसातल्या बायका म्हणत, कुंदा फार शकुन-अपशकुन पाळते, जाणाऱ्याला मागून बोलवत नाही. मीही मान डोलवायचो. मला खरं कारण माहीत होतं.

ती आठशे मीटर धावायची. मैदानाच्या दोन चकरा. शंभर मीटरवाल्याला विचार करायला वेळ नसतो आणि मॅरेथॉनवाल्याकडे तो नको इतका असतो. आठशेवाल्याला नेमका चूक करण्यापुरता मिळतो. हे माझं मत आहे, आणि मी स्वतः बस पकडण्यापलीकडे आयुष्यात धावलेलो नाही. मी भिलईच्या पोलाद प्लांटच्या हजेरी ऑफिसात कारकून. पण फॉर्म भरणं, रिझर्व्हेशन करणं आणि परक्या गावात पोरींना वेळेवर जेवायला घालणं मला जमायचं, म्हणून खेळाडूंच्या संघाबरोबर मॅनेजर म्हणून मला पाठवत. छत्तीसगड राज्य नवं होतं, संघ नवा होता, माणसं कमी होती. गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं की मलाही बरं वाटायचं.

कुंदाचे वडील भंडाऱ्याकडचं शेत भावांवर सोडून प्लांटात लागले होते. ती शाळेत असताना पहिल्यांदा पेपरात आली तेव्हा बातमीत लिहिलं होतं की, बापाचा डबा वेळेवर पोहोचवता पोहोचवता ही मुलगी धावायला शिकली. कुंदा तो पेपर घेऊन माझ्याकडे आली ती संतापून.

‘काका, कोणी लिवलं हे? डबा तं बाबा सायकलच्या हँडलले टांगून सोताच नेते. मी धावो ते बोरं चोरायले! लायनीच्या पल्याड एक बुढी बोरं राखे. तिचा दगड कधी चुके नाई, म्हणून मले पळा लागे.’

‘मग काय लिहायचं, चोरटी कन्या?’

‘खरं हाये ते लिवा नं. कावून खोटं लिवाचं?’

खरं म्हणजे खरं, अशी तिची तऱ्हा होती. नवी साडी कशी दिसते असं तिला विचारण्याची सोय नव्हती. माझ्या लेकीच्या लग्नातलं वरण पातळ झालं होतं, हे आजवर तिच्याशिवाय मला कुणी सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात ती सरावाआधी बोरेबासी खायची, म्हणजे रात्री पाण्यात भिजत घातलेला भात, कांद्याबरोबर. कुठल्याशा मोठ्या माणसानं ‘तुमचा डाएट काय?’ विचारलं तेव्हा हिनं ‘शिळा भात’ असं उत्तर दिलं. कोच नायडू सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

सेक्टरमधल्या ज्या मैदानावर ती धावायची तिथला ट्रॅक राखेचा होता. प्लांटमधून आणलेली राख दाबून केलेला. आतली एक लेन तेवढी धड. बाहेरच्या लेनी पावसानं खाल्लेल्या. त्या एका लेनवर सकाळी पाच वाजता सगळी दुनिया यायची. कानटोपी घातलेले रिटायर्ड लोक, साडीखाली बूट घालून चालणाऱ्या बायका, एक गृहस्थ तर कडुलिंबाच्या रसाचा पेला हातात धरून चालत. त्यामुळे आमच्या मैदानाचा एक कायदा झाला होता. मागून धावत येणाऱ्यानं दहा पावलांवरून ओरडायचं, ‘ट्रॅक!’ आणि पुढच्यानं उजवीकडे सरकून आतली लेन मोकळी करून द्यायची. कुंदाचा आवाज असा की पाखरं उडत. एकदा तिच्या ‘ट्रॅक’नं ते रसवाले गृहस्थ इतके दचकले की, पेला हवेत आणि ते नालीत. महिनाभर ते तिला ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणायचे.

कुठेही गेलात तरी धावणारा माणूस पुढच्याला बाहेरून मागे टाकतो. आमच्याकडे बाहेर खड्डे. मग नायडू सरांनी तोच कायदा सरावात घेतला. कुंदा आणि फुलेश्वरी साहू या दोघींची जोडी होती. फुलेश्वरी, म्हणजे आमची फुले, जवळच्या उतई गावची, पहाटेच्या पहिल्या बसनं यायची, आणि सराव संपला की कुंदाच्या घरी न्याहारी करून परत जायची. दोघी एकामागे एक धावत. अर्धी चक्कर झाली की मागची ओरडायची, ‘ट्रॅक!’ पुढची उजवीकडे सरकायची, मागची आतून पुढे यायची. मग पुन्हा अर्ध्या चकरेनं उलट. असं रोज वीस-तीस वेळा, पाच वर्षं. शेवटी शेवटी फुलेला ऐकावंही लागत नसे. कुंदानं श्वास घेतला की तिचे पाय सरकत. एकीचं वरण, दुसरीचं लोणचं, आणि सुरुवातीची दोन वर्षं तर खिळ्यांच्या बुटांचा जोडही एकच. कुंदा म्हणायची, ‘पहिला चक्कर तं सारेच पळतेत काका. दुसऱ्यात माणूस दिसते.’ फुले हसून मान हलवायची. बोलायचं काम कुंदाचं आणि हसायचं तिचं, असं वाटून घेतलेलं होतं.

आणि मग ती राष्ट्रीय स्पर्धा. दक्षिणेतलं शहर, लाल रबरी ट्रॅक, आठही लेनी गुळगुळीत. दोघी फायनलला आल्या होत्या. घरी निघताना साऱ्यांनाच ठाऊक होतं की, जी पदक आणेल तिला खेळाडूंच्या कोट्यातून प्लांटात नोकरी मिळण्यासारखी आहे. एकीलाच. त्यावर आम्ही कुणी बोललो नाही. गाडीत दोघी एका बर्थवर पाय वर घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या.

मी शेवटच्या वळणाच्या तोंडाशी, ट्रॅकच्या आतल्या बाजूला, जाळीला चिकटून उभा होतो. तिथं गर्दी नव्हती, सगळे शर्यत संपते त्या बाजूला. दुसरी चक्कर अर्धी झाली. इतर राज्यांच्या दोन पोरी पुढे निघून गेल्या होत्या, त्यांच्या मागे आतल्या लेनमध्ये फुले, तिच्या अगदी पाठीला कुंदा, आणि कुंदाच्या खांद्याला खांदा लावून बाहेरून दुसऱ्या राज्याची एक उंच पोरगी. कुंदा अडकली होती. पुढे फुले, उजवीकडे ती पोरगी. जोर पायांत होता आणि जायला जागा नव्हती. मला तिचा चेहरा दिसला. ती माझ्यासमोरून दोन हातांवरून गेली आणि जाता जाता म्हणाली, ‘ट्रॅक.’

ओरडली नाही. म्हणाली. जेवताना शेजारच्याकडे मीठ मागावं तसं, फुलेच्या कानाशी.

फुले उजवीकडे सरकली. सरळ त्या उंच पोरीच्या पायांत. दोघी आदळल्या, ती पोरगी सावरली, फुले खांद्यावर पडली. आतली लेन मोकळी झाली होती. कुंदा तिथून गेली आणि दुसरी आली. रौप्यपदक.

सवयीनं माणूस ओरडतो. हळू बोलायचं तर ते ठरवावं लागतं. मला तेव्हाही असंच वाटलं, आजही वाटतं. मनाची समजूत घालायची तर म्हणता येईल की, दम लागला होता, आवाज फुटला नसेल. मी बरीच वर्षं ती घालून पाहिली. बसत नाही.

पुढचं अर्ध्या तासात झालं. त्या उंच पोरीच्या संघानं तक्रार केली. पंचांनी कागद केला की, छत्तीसगडच्या अमुक नंबरच्या धावपटूनं अचानक बाहेर येऊन दुसरीला अडथळा केला. तो नंबर फुलेचा. ती तेव्हा स्ट्रेचरवर होती. मॅनेजरची सही हवी होती. मी केली. कुंदाबद्दल कुणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असंच मला त्या वेळी वाटलं. राज्याचं पदक वाचलं होतं. फुलेला विचारायला कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुंदा आली. हातात शहाळं, पदक अजून गळ्यात. फुलेचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. कुंदा आत जायच्या आधी माझ्यापाशी थांबली.

‘काका, तुमी तेतीच होते नं? मी ट्रॅक म्हटलं, ते आयकलं तुमी?’

‘ऐकलं.’

‘कसं म्हटलं मी? सवयीनं, का समजून? मले आठवतच नाई. इतला विचार करून राहिली, पन मले समजत नाई मी कावून म्हटलं.’

माझ्या खिशात त्या कागदाची प्रत होती.

‘सवयीनं गं,’ मी म्हटलं. ‘रोजची सवय. जाऊ दे आता. आणि आत जाऊ नकोस, तिला झोप लागलीय. पदक पाहून तिला काय वाटेल?’

तिला झोप लागली नव्हती. कुंदानं शहाळं माझ्या हातात दिलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी फुलेचा भाऊ येऊन तिला वेगळ्या गाडीनं घेऊन गेला. बस्स, एवढंच. त्या दोघी नंतर भेटल्या नाहीत. भिलईहून उतई स्कूटरनं अर्ध्या तासाचंही नाही. देशभर धावून आलेल्या कुंदाला ते अंतर अठरा वर्षं कापता आलं नाही.

कुंदाला नोकरी लागली, आणि कर्मधर्मसंयोगानं माझ्याच ऑफिसात, माझ्याच शेजारच्या टेबलाला. मस्टर तपासायचं काम. ती धावतही राहिली, आणखी पाच-सहा वर्षं, पण पदक पुन्हा नाही. लोक म्हणत, नोकरी मिळाली, भूक संपली. साफ चूक. ती पूर्वीपेक्षा जास्त सराव करायची. फक्त शर्यतीत ती आतल्या लेनमध्ये यायचीच नाही. वळणावर सगळ्या पोरी आत गोळा व्हायच्या आणि ही एकटी तिसऱ्या लेनमधून, लांबच्या लांब वळसा घेत. इतरांच्या आठशेला हिचे सव्वाआठशे व्हायचे आणि तरी चौथी यायची. नायडू सर कुंपणावरून ओरडायचे, ‘कुंदा, रेस में है कि बारात में?’ ती खाली मान घालून बाहेरूनच जायची. समोर मोकळी जागा दिसली तरी आत शिरायची नाही. सरांना काही कळेना. त्यांनी एकदा मला विचारलं, ‘दाणी, इसको हुआ क्या है?’ मी खांदे उडवले. अळीमिळी गुपचिळी.

ऑफिसात तिचं काम चोख होतं. गाजावाजा नाही. पदक तिनं आईच्या ट्रंकेत टाकलं होतं, घरी कुणी मागितलं तर ‘किल्ली सापडून नाई राहिली’ म्हणायची. कॅन्टीनच्या रांगेत ती सर्वांना पुढे जाऊ द्यायची. जेवणाची सुट्टी संपत आली तरी हिच्या पुढे चारजण उभेच. बायकांनी तिचं नाव ‘आप जाइए’ ठेवलं होतं. लग्नाच्या गोष्टी आल्या, गेल्या. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, लोकच कंटाळले. आई-वडील गेल्यावर ती खुर्सीपारचं घर सोडून क्वार्टरमध्ये राहायला आली. एकटी.

एकदा एका शाळेनं तिला खेळांच्या उद्घाटनाला बोलावलं. मीही गेलो होतो. हेडमास्तरीण बाईंनी माइक दिला, ‘दीदी बच्चों को सफलता का मंत्र बताएँगी.’ कुंदानं तो हातात घेतला. पुढे चुन्यानं आखलेला ट्रॅक आणि त्यावर ओळीनं पोरं. मग ती म्हणाली, ‘जो आगे है, वो हटेगा नहीं. पीछे से कोई कितना भी चिल्लाए. कोई धीरे से बोले, तब भी नहीं.’ आणि माइक परत देऊन टाकला. हेडमास्तरीण बाईंनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी वाजवल्या. मी स्टेजवर बसलो होतो आणि मला टाळी वाजवायचं सुचलं नाही. धीरे से, असं ती म्हणाली होती. म्हणजे तिला आठवत होतं की काय?

कारण ती मला विचारायची. दर दोन-चार महिन्यांनी, मस्टरवरून मान वर न करता.

‘काका, एक विचारू?’

मला कळायचं.

‘सवयीनंच म्हटलं होतं नं मी?’

‘सवयीनंच.’

‘तुमी नीट आयकलं होतं?’

‘नीट ऐकलं होतं.’

‘हं,’ म्हणून ती पुन्हा मस्टरमध्ये बघायची. माझ्या निवृत्तीपर्यंतच्या पंधरा वर्षांत असं किती वेळा झालं ते मोजायचं धाडस मला नाही. सुरुवातीला मी माझ्या सहीपायी खोटं बोललो. नंतर तिच्या भल्यासाठी बोलतोय असं वाटू लागलं. पुढे पुढे तर ते इतकं तोंडात बसलं की, विचारण्याआधीच यायचं. तिला बरं वाटत असेल असं मी धरून चाललो होतो. बरं वाटत असतं तर तिनं पुन्हा पुन्हा विचारलं असतं का, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आता रिकामा बसलो की मला तो आवाज ऐकू येतो. शेजारी चहा ओतत असलेली बायको काही म्हणते आणि मला वाटतं, कुणीतरी कानाशी ‘ट्रॅक’ म्हणालं. मी बाजूला सरकतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

माझ्या निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मंडळानं कुंदाचा सत्कार ठरवला. सेक्रेटरी जुने फोटो गोळा करत होते. माझ्याच घरी, माझ्यादेखत, त्यांनी कुंदापुढे एक फोटो ठेवला. राखेच्या मैदानावर दोघी, घामानं निथळत, फुलेचा हात कुंदाच्या गळ्यात.

‘हा छान आहे,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘फक्त ही बाजूची कापू. कोण आहे ही?’

कुंदा फोटोकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलून पर्समध्ये टाकला.

‘फुलेश्वरी साहू हाये ती. तिले बोलावलं का तुमी?’

‘नाही, म्हणजे... पत्ता असेल तर पाठवू की आमंत्रण.’

‘मीच जातो सांगायले,’ कुंदा म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, ‘काका, उद्या सकाळी नेता मले उतईले?’

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. स्कूटर बिघडली आहे म्हणावं असं वाटलं होतं, पण ती अंगणातच उभी होती.

त्या दिवसानंतर कुंदा माझ्या घरी आलेली नाही. ती भिलईतच आहे, ऑफिसातही जाते, कुणाकुणाकडून कळतं. सत्कार तिनं नको म्हणून कळवलं. मी तिला शेवटचं पाहिलं ते उतईत.

हिवाळा होता. फुलेच्या अंगणात धान वाळत घातलेलं, एका बाजूला कपड्यांची बादली. ती आता अंगणवाडीत कामाला आहे, मुलगी शाळेत. चांगली भरलेली, हसरी बाई. कुंदाला फाटकात पाहून ती क्षणभर थांबली आणि मग कुंदा कालच येऊन गेल्यासारखी म्हणाली, ‘आ, बइठ. चाहा पीबे?’

चहा आला. कुंदानं कप हातात धरला, प्यायली नाही. आमंत्रणाचं काही बोलली नाही. फुलेच्याच छत्तीसगढीत तिनं सरळ विचारलं, ‘फुले, ओ दिन मैं तोर पाछू ले ट्रॅक कहे रहेंव. तैं सुने रहेस?’

 फुलेनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

‘हव,’ ती म्हणाली. ऐकलं होतं. तू म्हणालीस, मी सरकले. रोजच तर करत होतो आपण.

‘जोर से कहेंव, के धीरे?’

‘धीरे,’ फुले म्हणाली. ‘कान के तीर मा.’ कानाशी. तिच्या आवाजात राग नव्हता. ती धानातला एक खडा उचलून बाजूला टाकत होती. मग म्हणाली, ‘मोला लगिस, तैं अस्पताल आबे. नइ आये.’ वाटलं होतं, तू दवाखान्यात येशील. आली नाहीस. दोन दिवस ती दाराकडे तोंड करून पडून होती, त्या बाजूनं खांदा दुखत होता तरी.

कुंदा माझ्याकडे वळली. मी अठरा वर्षं ज्या नजरेला भीत होतो तसं तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. राग नाही. नुसती ती बघत होती, मस्टरमधली चुकीची नोंद बघावी तशी.

‘काका, तुमी बी आयकलं होतं.’

‘हो.’

‘धीरे म्हटलं ते?’

‘हो.’

‘मंग तुमी मले सवयीनं म्हनून कावून सांगतलं?’

मी म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून. म्हणताना ते मलाच ऐकवेना.

‘मी माफी मांगायले आली होती त्या दिवशी,’ कुंदा म्हणाली. ‘शहाळं घेऊन. तुमी म्हटलं, सवयीनं झालं. मंग मी कशाची माफी मांगू? सवयीची? अठरा वर्सं मी या रस्त्यानं येऊ नाई शकली काका. मायापाशी मांगायले काईच ठेवलं नाई तुमी.’

 मी तरीही बोललो. चूक झाली, म्हटलं. तिनं ते ऐकलं असेल, नसेल. तिनं कप खाली ठेवला.

फुले मधूनच उठली होती. आमचं मराठी तिला अर्धंमुर्धं कळत होतं, की सगळंच कळत होतं आणि म्हणूनच उठली, कोण जाणे. तिनं बादलीतली ओली साडी काढली आणि भिंतीला टेकवलेली काठी घेतली. अंगणातली दोरी उंच बांधलेली होती. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ती काठीच्या टोकावर साडी घेऊन वर ढकलत होती, आणि साडी अर्ध्यातून घसरून पुन्हा तिच्या डोक्यावर येत होती. ती हसली, पुन्हा काठी उचलली.

कुंदा उठली. तिनं फुलेच्या हातातली काठी काढून घेतली, भिंतीला लावली, आणि साडी दोरीवर टाकून चारी बाजूंनी ओढून सरळ केली. मग खाली न बघता हात मागे केला. फुलेनं त्यात दुसरा कपडा पिळून ठेवला.

‘तुमी निंगा काका,’ कुंदा दोरीकडेच बघत म्हणाली. ‘मी येईन मंग बसनं.’

मी चहा संपवला, कप धुऊन ओट्यावर पालथा घातला आणि फाटकाबाहेर आलो. स्कूटरला किक मारायच्या आधी कुंपणावरून एकदा पाहिलं. दोघी पाठमोऱ्या होत्या. कुंदाच्या खांद्यांवर ओल्या कपड्यांचं पाणी निथळत होतं. ती रडत होती की नाही ते मला दिसलं नाही.  बादलीत अजून बरेच कपडे होते, आणि मला तिथं काही काम नव्हतं.